दादांचा पासवर्ड

ऑफिसातली गिऱ्हाइकांची यादी बाहेर गेली त्या तक्रारीत फिर्यादीच्या रकान्यात माझं नाव लागलं, कारण मालकांना पोलीस ठाण्याची पायरी चढायची नव्हती. फर्म भागीदारीची. दोन्ही भागीदारांनी सह्या करून मला अधिकारपत्र दिलं आणि "तुझं लिहिणं चांगलं आहे" असं वर कौतुकही केलं. कोल्हापुरातल्या एका बांधकाम व्यावसायिकाच्या ऑफिसात मी बॅक ऑफिस बघते. चौकश्यांच्या नोंदी, करारनाम्याचे मसुदे, दस्ताच्या दिवशी कागद जुळवणं, रेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण) तिमाही माहिती, हे सगळं माझ्याकडे. फ्लॅट विकायला दुसरी माणसं आहेत. पण आलेलं गिऱ्हाईक काय बोलून गेलं ते सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवायचं काम माझं, आणि प्रकरण फुटलं ते तिथूनच.

गडहिंग्लजचे एक निवृत्त गुरुजी फ्लॅट बघून गेले होते. त्यांच्या नावापुढं शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं: 'बजेट ४५. काकींचे गुडघे, लिफ्टला बॅकअप हवा. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते परत परत विचारलं.' कोल्हापुरात हा शेवटचा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतोच. निळी रेषा, लाल रेषा हे पूररेषांचे शब्द शेतकऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना पाठ झालेत. काही दिवसांनी गुरुजींचा फोन आला, आवाज चढलेला. दुसऱ्या एका प्रकल्पाच्या एजंटानं त्यांना फोन करून सांगितलं होतं, "सर, आमच्याकडं लिफ्टला जनरेटर आहे, काकींना जिना चढायचा प्रश्नच नाही. आणि दोन्ही पुरांत पाणी आमच्या रस्त्यालासुद्धा आलं नव्हतं."

"बाई," गुरुजी मला म्हणाले, "माझ्या बायकोचे गुडघे मी गावभर सांगत हिंडत नाही. तुमच्याकडं बोललो होतो फक्त."

चौकशी करून गेलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा फोन जाणं यात नवल नाही. लोक चार ठिकाणी नंबर देतात, पोर्टलवर टाकतात. पण गुडघे पोर्टलवर नसतात. म्हणून मी एक खोटी चौकशी टाकली. माझ्या आत्याचं नाव बदलून, तिच्या जादाच्या सिमचा नंबर देऊन शेरा लिहिला: 'पाचगाव साइडला रो-हाउस हवं, मागं दोन म्हशी बांधायला जागा पाहिजे.' आत्याला बजावून ठेवलं की फोन आला तर रेकॉर्ड कर. फोन आला. "मावशी, म्हशींचं सोसायटीत जमणार नाही, पण कळंब्याच्या बाजूला प्लॉट आहेत." आत्या म्हशीवरून त्याच्याशी एवढी भांडली की रेकॉर्डिंग लांबलचक झालं. पुढं पोलिसांनी ते ऐकलं तेव्हा हवालदारांना हसू आवरेना.

मालकांचा पहिला हुकूम होता, "दादाला आत टाका." दादा म्हणजे आमचे विक्री व्यवस्थापक, ऑफिसात सगळ्यांत जुने. सॉफ्टवेअरच्या अॅडमिन पानावर दिसत होतं की सगळी यादी दादांच्या आयडीवरून उतरवली गेलीय. आयडी दादांचा म्हणजे चोर दादा, इतकं सरळ गणित त्यांनी मांडलं होतं. मला ते पटेना. दादांचा पासवर्ड ऑफिसात कुणाला माहीत नव्हता? त्यांच्या मुलाचं नाव आणि पुढं १२३. ते साइटवर गिऱ्हाईक घेऊन गेले की मागं आलेल्या माणसाला माहिती द्यायला दुसरं कोणीतरी त्यांच्याच आयडीवरून आत जायचं. यामागचं कारण साधं होतं. सॉफ्टवेअरचं भाडं दर आयडीमागं असतं. विक्रीत चौघं जण आणि मालकांनी घेतलेले आयडी दोन. सुरुवातीलाच मी मेल केला होता की प्रत्येकाला वेगळा आयडी लागेल, सॉफ्टवेअर कंपनीच्या अटीही तशाच आहेत. त्यावर मालकांचं उत्तर आलं होतं, 'सध्या दोनच घ्या, पुढं बघू.' हा मेल पुढं पोलिसांच्या कागदात गेला, आणि गंमत अशी की तो दोन्ही बाजूंच्या उपयोगाचा निघाला.

आधी आम्ही वकीलबाईंकडं गेलो. मालकांना वाटत होतं 'पासवर्ड दुसऱ्याला दिला' या नावाचं एखादं कलम असेल, ते लावलं की काम झालं. तसं कलम नाही. वकीलबाईंनी २००० चा माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायदा काढला आणि कलम ४३ आमच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. संगणकाच्या मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात तो आहे त्याच्या परवानगीशिवाय आत शिरणं, माहिती उतरवून घेणं, आणि परवानगी नसलेल्या माणसाला आत शिरायला मदत करणं, हे तिन्ही प्रकार त्यात वेगवेगळे लिहिलेत. नुसतं एवढं झालं तर नुकसानभरपाई. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवायच्या हेतूनं केलं तर कलम ६६ खाली गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर ६६-सी, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. चोरलेली माहिती माहीत असून घेतली तर ६६-बी. नोकरीच्या किंवा सेवेच्या करारातून हाती आलेली लोकांची खासगी माहिती, कुणाचं नुकसान होईल किंवा कुणाला गैरफायदा मिळेल हे ठाऊक असताना बाहेर दिली तर ७२-ए.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "दादांनी कुणाला फसवायला पासवर्ड सांगितला?"

मालक गप्प बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा उलगडलं की पासवर्ड एकच असला तरी तो ज्या ज्या हातांतून गेला त्या प्रत्येक हाताचा हिशोब कायदा वेगळा करतो. दादांनी तो सहकाऱ्याला ऑफिसच्या कामासाठी सांगितला. त्यात फार तर नोकरीच्या शिस्तीचा प्रश्न येतो. सहकाऱ्यानं तो पैशासाठी बाहेर दिला असेल तर तो ४३, ६६ आणि ७२-ए मध्ये येतो. बाहेरच्यानं तो वापरून यादी उतरवली तर ६६-सी आणि ६६-बीसुद्धा त्याच्या गळ्यात. सगळ्यांचा हेतू वेगळा, आणि तो हेतू सिद्ध करायची जबाबदारी आमच्यावर.

तक्रार सायबर पोलीस ठाण्यात दिली. लगेच एफआयआर झाला नाही आणि मालकांनी फोनवर मलाच झापलं. पण तो टाळाटाळीचा भाग नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३(३) आहे. ३ वर्षांपासून ७ वर्षांच्या आतपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तशी ती झाली, मग गुन्हा दाखल झाला आणि एफआयआरची प्रत मला विनामूल्य मिळाली. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, त्यामुळं जबाब घ्यायला पीआय साहेब स्वतः बसले. माणूस शांत. टाइप करणाऱ्या अंमलदाराला मध्येच थांबवून एकेक शब्द बदलायला लावायचे. मी सांगितलं, "पासवर्ड चोरला." ते म्हणाले, "चोरला कुठं? तो सगळ्यांना माहीत होता असं तुम्हीच म्हणताय. 'अनधिकृतपणे वापरला' लिहा."

नंतर त्यांनी जे विचारलं त्यावर सगळं प्रकरण उभं होतं. "परवानगी कुणाला होती आणि कशापुरती होती? कागद आहे?"

नेमणूकपत्रं होती. विक्रीतल्या प्रत्येकानं 'ग्राहकांची माहिती, दर आणि लॉगिन तपशील फर्मच्या कामाव्यतिरिक्त कुणालाही देणार नाही' या ओळीखाली सही केलेली होती. ही ओळ मी एका जुन्या नमुन्यातून उचललेली, तेव्हा कुणी वाचलीसुद्धा नव्हती. लॉगिन कुणी वापरायचं याचं पत्रक मात्र नव्हतं. होता तो माझा मेल आणि मालकांचं 'पुढं बघू'. पीआय साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "आरोपीचा वकील हाच कागद नाचवणार बघा. मालकानंच सगळ्यांना एक पासवर्ड वापरायला लावला, मग विनापरवानगी कसं?" मालक त्या दिवशी सोबत नव्हते ते बरं.

सॉफ्टवेअर कंपनी परराज्यातली. पोलिसांनी संहितेच्या कलम ९४ खाली पत्र पाठवून लॉग, म्हणजे कोण कधी आत शिरलं याच्या नोंदी, मागवले. घाई करायला वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे. त्यापुढं कंपनीनं पुसून टाकले तर बोलायला जागा नाही. लॉग आले आणि त्यात यादी उतरवल्याची वेळ होती सकाळी ६:२१. दादांचा चेहरा पांढरा पडला. सकाळी सव्वासहाला माणूस घरीच असणार, साक्षीला बायको-पोरं, ती कोण मानणार? मालक म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो."

मी तो तक्ता घरी नेला नाही, तिथंच बाकावर बसून बघत राहिले. माझ्या स्वतःच्या आयडीच्या नोंदीही त्यात होत्या. मी ऑफिसला येते दहाच्या पुढं, आणि लॉगमध्ये माझी हजेरी पहाटे पाचच्या आसपास! पहाटे पाचला मी फक्त पूर आला असता तरच उठले असते. मग लक्षात आलं, सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेचं नव्हतं. ते जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. सहा एकवीसमध्ये साडेपाच तास मिळवले की होतात ११:५१.

त्या दिवशी ११:५१ ला दादा कुठं होते याचा पुरावा सरकारनंच छापून ठेवला होता. एका फ्लॅटच्या दस्ताला ओळख पटवणारे म्हणून ते दुय्यम निबंधक कार्यालयात हजर होते. नोंदणी झालेल्या दस्ताची शेवटची पानं लोक बघत नाहीत. त्यावर ओळख देणाऱ्याचा फोटो आणि अंगठा असतो, आणि शिक्का क्रमांक १, २, ३ पुढं सादरीकरण, फी, कबुली यांच्या वेळा सेकंदासकट छापलेल्या असतात. शिक्का तीनची वेळ पावणेबाराच्या पुढची, त्यानंतरच्या ओळखीच्या शिक्क्याची त्याहून पुढची. अंगठा यंत्रावर ठेवलेला माणूस त्याच मिनिटाला दुसरीकडं विंडोजच्या कॉम्प्युटरवरून यादी उतरवत नसतो. लॉगमध्ये विंडोज आणि क्रोम स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि दादांकडं लॅपटॉपच नाही. दस्ताची प्रत मी दिली. पीआय साहेबांनी त्या पानावर बोट ठेवून एवढंच म्हटलं, "हे बेस्ट आणलं." दादा आता संशयित न राहता साक्षीदार झाले. ठाण्याच्या बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "ताई, पोराचं नाव पासवर्डातनं काढून टाकतो आजच." मी म्हटलं, "दादा, नाव राहू दे, आयडी तेवढा तुमचा एकट्याचा ठेवा."

आयपी पत्त्यावरून चोर लगेच सापडेल असं वाटत होतं, तेही खरं नाही. छोट्या इंटरनेटवाल्यांकडं एकच बाहेरचा पत्ता एकाच वेळी कितीतरी गिऱ्हाइकांच्या वाट्याला येतो. त्यातला नेमका कोण हे कळायला पत्त्याच्या जोडीला पोर्ट क्रमांक लागतो, आणि सॉफ्टवेअर कंपनी पोर्ट नोंदवतच नव्हती. माग गावातल्या एका भागापर्यंत येऊन थांबला. शेवटी उपयोगी पडला तो आत्याला आलेला फोन. तो नंबर एका एजंटाच्या ऑफिसातला निघाला. तिथं पंचनामा झाला तेव्हा नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणं सगळ्याचं मोबाइलवर चित्रीकरण करत होते. मी तिथं नव्हते, पण लॅपटॉपमध्ये काय मिळालं ते नंतर ओळख पटवायला मला दाखवलं. आमचीच एक्सेल फाइल. तीच रकान्यांची नावं, मी केलेल्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि तळाला माझ्या आत्याच्या म्हशी. मोबाइलमध्ये आमच्या विक्रीतल्या एका मुलाशी झालेलं व्हॉट्सअॅप संभाषण. दादांचा आयडी, पासवर्ड, आणि खाली 'ठरल्याप्रमाणं, बुकिंग झालं की'.

मुलगा शाहूवाडीकडचा, पंचविशीचा. मला त्याच्याबद्दल राग आला तसा मालकांबद्दलही आला, कारण त्याच्या दोन बुकिंगचा इन्सेन्टिव्ह मालकांनी या ना त्या कारणानं अडवून ठेवला होता हे मला माहीत होतं; व्हाउचर माझ्याच फाइलला पडून होतं. वकीलबाईंना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "थकलेले पैसे मागायला वेगळा दरवाजा आहे. त्यासाठी यादी विकली हे बचाव होत नाही, उलट हेतू दाखवतं. पण तुम्ही हे लपवूही नका, उलटतपासणीत निघणारच." जबाबात मी ते लिहायला लावलं. मालक यावरून अजून माझ्यावर नाराज आहेत.

पुराव्याच्या कागदांत सगळ्यांत किचकट निघालं ते प्रमाणपत्र. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५-बी होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात दिलेला आहे: भाग अ ज्याच्या ताब्यात उपकरण किंवा नोंद आहे त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा, लिहायचं, आणि ते कुठल्या पद्धतीनं काढलं त्या चौकोनात खूण करायची. ती अक्षरं-आकड्यांची लांब साखळी मी हातानं उतरवायला लागले तेव्हा अंमलदार म्हणाले, "मॅडम, छापून चिकटवा ओ, एक अक्षर चुकलं तर सगळा पुरावाच बोंबलंल." आत्याच्या मोबाइलसाठी आत्याचं वेगळं प्रमाणपत्र. तिला इंग्रजीतला नमुना वाचून दाखवताना माझी दमछाक झाली.

अटक कुणालाच झाली नाही. मालकांना हे शेवटपर्यंत पचलं नाही. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलीस आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देतात, माणूस हजर राहिला आणि सहकार्य केलं तर अटकेचं कारण उरत नाही. शिवाय आयटी कायद्याच्या ७७-बी प्रमाणं ३ वर्षांपर्यंतचे गुन्हे जामीनपात्र. मालकांना कुणीतरी कान फुंकले की नोकरानं केलेल्या विश्वासघाताचं कलम लावा, भारतीय न्याय संहितेचं ३१६(४), ते ७ वर्षांचं आणि अजामीनपात्र आहे. वकीलबाई त्याला तयार नव्हत्या. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कंपनीची माहिती नेल्याच्या अशाच एका प्रकरणात म्हटलंय की त्याच कृत्याला आयटी कायद्याचं कलम लागत असेल तर जोडीला भारतीय दंड विधानातली (न्याय संहितेच्या आधीचा कायदा) फसवणूक-विश्वासघाताची कलमं चालवता येणार नाहीत. "आणि आता गुन्हा रद्द करून घ्यायला आरोपीला मुंबईला जायला नको," त्या म्हणाल्या. "ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या भाऊसिंगजी रोडलाच बसतंय. कलम जास्त लावून गुन्हाच अडकवून घ्यायचा असेल तर लावा." ते कलम लागलं नाही.

एजंटाच्या रेरा नोंदणीचं काय, हेही मालकांनी विचारलं. कायद्याच्या कलम ९(७) खाली नोंदणी रद्द होऊ शकते, पण कलम १० मधली 'अनुचित व्यापार पद्धती' ही मुख्यतः गिऱ्हाइकाला खोटं सांगण्याबद्दल आहे. दुसऱ्याची यादी वापरणं त्यात बसवायला ओढाताण करावी लागते. तक्रार तूर्त ठेवून दिली.

पण रेराचं नाव निघाल्यावर वकीलबाईंनी मला एक भलतंच विचारलं. "तुमच्या प्रकल्पाचं रेराचं लॉगिन कुणाकडं असतं?" सल्लागाराकडं. "आणि मालकांची डिजिटल सही?" ती यूएसबी टोकन सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये, पिन टोकनलाच चिकटवलेला. कोल्हापुरात हे घरोघरी आहे, मी काही निराळं सांगत नाही. त्यांनी डोक्याला हात लावला. रेरा कायद्याच्या कलम ५ मध्ये लॉगिन आणि पासवर्ड प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, दिला जातो असं शब्दशः लिहिलंय, आणि कलम ११ प्रमाणं त्या पानावरची माहिती भरायची जबाबदारी त्याचीच. खोटी माहिती गेली तर कलम ६० खाली प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. भरणारा पोऱ्या कोण होता हे नंतर सांगत बसायचं. डिजिटल सहीचं त्याहून कडक. आयटी कायद्याचं कलम ४२ म्हणतं की सहीची किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवायला वाजवी काळजी घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचं सही देणाऱ्या प्रमाणन संस्थेला कळवेपर्यंत जबाबदारी सहीवाल्याचीच. मालकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तो सल्लागार आपला माणूस आहे." दादाही 'आपला माणूस' होते, आणि महिन्यापूर्वी त्यांनाच आत टाकायचं चाललं होतं. हे मी बोलले नाही. टोकन मात्र त्याच आठवड्यात मागवून घेतलं, पिनची चिठ्ठी फाडली.

ज्या गिऱ्हाइकांची माहिती गेली त्यांना फोन करायचं काम माझ्या गळ्यात आलं. मालक म्हणत होते गप्प बसा, बोभाटा कशाला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि अशी गळती झाली तर ज्याची माहिती त्याला कळवण्याचं बंधन १८ महिन्यांनी लागू होतंय; न कळवल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी. तेव्हा बंधन नव्हतं तरी मी फोन केले. बहुतेकांनी "बरं बरं" म्हणून ठेवला. एका बाईंनी विचारलं, "माझा घटस्फोट चालू आहे हे पण लिहिलं होतंत का?" लिहिलं होतं. कर्जासाठी एकटीचं उत्पन्न धरायचं म्हणून. त्या दिवसापासून शेऱ्यात मी फक्त खोल्या, बजेट आणि मजला लिहिते. पुराचं विचारलं तर 'पूररेषेची चौकशी' एवढंच.

नुकसानभरपाईचा रस्ता वेगळा आहे. ५ कोटींपर्यंतचे दावे आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढं जातात. आपल्या राज्यात ते म्हणजे माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव, मंत्रालयात. मालक म्हणाले, "पन्नास लाख लावा." वकीलबाईंनी कोरा कागद पुढं केला. "कुठलं गिऱ्हाईक तुमच्याकडनं सुटून तिकडं गेलं, नावं लिहा." आम्ही यादी घेऊन बसलो. बहुतेकांनी कुठंच घेतलं नव्हतं. गुरुजी तर मुलाकडं पुण्याला राहायला गेले. तिकडं बुकिंगचं टोकन दिलेली दोन नावं हाती लागली, त्यांतल्या एकाला आमचा दरच परवडत नव्हता असा माझाच शेरा होता. पन्नास लाखांचा आकडा तिथंच बसला, आणि अर्ज अजून मसुद्यातच आहे.

दोषारोपपत्र दाखल झालंय. अधेमधे मुलाचे वडील ऑफिसात आले, धोतर-टोपीतले, हातात पिशवी. मालक बाहेर होते म्हणून माझ्यासमोर बसले. "ताई, सही तुमची लागती म्हणं." आयटी कायद्याच्या ७७-ए मध्ये अशा गुन्ह्यात न्यायालय तडजोड मान्य करू शकतं, ते त्यांच्या वकिलानं सांगितलेलं दिसत होतं. मी त्यांना सांगितलं की सही माझी असली तरी मर्जी भागीदारांची. ते उठताना म्हणाले, "पोरगं चुकलं. पर त्याचं पैसं बी तुमच्याकडं हायत, ते?"

वकीलबाईंनी मालकांना तेच सुचवलंय: आधी थकलेला इन्सेन्टिव्ह चेकनं द्या, एजंटाकडून लेखी हमी आणि खर्च घ्या, मग तडजोडीचा अर्ज टाकू. खटला उभा राहिला तर 'पुढं बघू'वाला मेल पहिल्या दिवशी वाचला जाणार हे त्यांना कळलंय. विक्रीत आता चार माणसांना चार आयडी आहेत. चेकचं व्हाउचर मी करून मालकांच्या टेबलावर ठेवलंय, त्यावर एका भागीदाराची सही झालीय.